उसन्या म्हणी, आपली गाऱ्हाणी

गेल्या काही वर्षांत आपल्या शिबिरांची भाषा बदलत चालली आहे, हे अनेकींच्या लक्षात आलं असेल. पूर्वी फळ्यावर खडूने दोन शब्द लिहिले जायचे आणि त्यांवर तासभर वाद व्हायचा. आता पडद्यावर तयार मजकूर येतो. 'काचेचं छत फोडा', 'मौन तोडा', 'मैदान समतल करा', 'चौकटीबाहेर विचार करा'. शब्द मराठी असले तरी ही वाक्यं मराठीत जन्मलेली नाहीत. इंग्रजी वाक्प्रचार उचलून त्यांना नुसतं लुगडं नेसवलेलं आहे. बायका मान डोलावतात, टाळ्या वाजवतात, आणि घरी जाताना एकमेकींना विचारतात, "ते छताचं काय म्हणाली गं ती?"

मी कर्जत आणि खालापूर तालुक्यांत काम करते. कातकरी आणि ठाकर वाड्या, कुणबी-आगरी गावं, नेरळ-खोपोलीची वाढती वस्ती आणि मुंबईकरांची फार्महाउसं असा हा सगळा मिसळलेला मुलूख. इथे एका दिवसात चार प्रकारची मराठी कानावर पडते आणि त्यात इंग्रजी आता सगळ्यांचीच झाली आहे. 'मॅटर', 'एन.सी.', 'कॉम्प्रमाइज', 'ॲडजस्ट' हे शब्द वाडीतली म्हातारीसुद्धा वापरते. तेव्हा इंग्रजी नको, असं म्हणण्यासाठी हे लिहीत नाही. समाजकार्याचं माझं पदव्युत्तर शिक्षण बरंचसं इंग्रजी पुस्तकांवर झालं, आणि कायद्याचं कलम मुळातून वाचता येतं म्हणून पोलीस ठाण्यात माझं म्हणणं थोडं तरी ऐकून घेतलं जातं.

पण म्हण ही काही साधी गोष्ट नाही. म्हण म्हणजे आधीच देऊन ठेवलेला निकाल असतो. ती उच्चारली की उच्चारणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, कारण 'शहाणी माणसं असंच म्हणत आली आहेत'. म्हणून म्हणीचा अर्थ पुस्तकात बघून भागत नाही. ती कोण, कोणाला, कुठे आणि कशासाठी ऐकवतो, हे बघावं लागतं. मराठी म्हणींच्या बाबतीत हे काम आपल्या चळवळीने बऱ्यापैकी केलं आहे. 'बायकांची अक्कल चुलीपुढे' कोणी म्हटलं तर आपली साधी कार्यकर्तीसुद्धा तिथल्या तिथे ठणकावते. इंग्रजी म्हण आली की मात्र आपण गप्प बसतो, कारण ती शास्त्रासारखी वाटते.

सर्वांत आधी टाळीचं बघू. नवऱ्याने मारलं म्हणून बाई दाद मागायला निघाली की तिला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते, 'एका हाताने टाळी वाजत नाही'. भाऊ म्हणतो, सरपंच म्हणतो, गावाची तंटामुक्त समिती म्हणते. ही समित्यांची मोहीम राज्यात २००७ साली सुरू झाली. गावातले तंटे गावात मिटावेत हा हेतू चांगला होता. पण बायकोला मारणं हा बांधावरच्या भांडणासारखा 'तंटा' धरला गेला, तिथेच गडबड झाली. गावच्या समितीने टाळी म्हटली तर आपण भांडतो. तालुक्याच्या किंवा शहराच्या समुपदेशकाने खुर्चीत मागे रेलून 'इट टेक्स टू टँगो' म्हटलं, की तेच वाक्य एकदम मानसशास्त्र होतं!

टँगो हा अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्स शहराच्या आसपास वाढलेला जोडीनाच. त्याला दोन माणसं लागतातच. १९५२ साली अमेरिकेत त्यावर एक गाणं निघालं, ते गाजलं आणि त्यातून हे वाक्य जगभर पसरलं. भांडणाला दोघं लागतात, अशा अर्थाची म्हण इंग्रजीत त्याआधीही होतीच. वापर मात्र दोन्ही भाषांत एकच, दोष वाटून टाकायचा. व्यवहारात, भागीदारीत, दोन जावांच्या वादात हे खरं असेलही. मारहाणीत खरं नाही. अशाच एका बैठकीत टाळीची म्हण ऐकून एक कातकरी बाई म्हणाली होती, "टाळी कुठं वाजली? थोबाडीत वाजली. तिला एकच हात लागतो." बैठकीतली माणसं हसली. कागदावर मात्र लिहिलं गेलं, 'पती-पत्नींचा आपसातील वाद, उभयतांस समज दिली.' उभयतांस! मार खाणारीलाही समज.

हे एका शब्दाचं प्रकरण नाही. असा कागद पुढे एन.सी.च्या वहीत जातो, म्हणजे अदखलपात्र, म्हणजे पोलिसांनी न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपासच करायचा नाही. क्रूरतेचा गुन्हा, जो ४९८ अ म्हणून आपल्याला पाठ होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे, तो तिथे पोचतच नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतला घटना अहवालाचा नमुना एकदा नीट वाचून बघा. शारीरिक, लैंगिक, तोंडी व मानसिक, आर्थिक असे त्यात हिंसेचे प्रकार आहेत. 'तिने आधी त्याला काय बोलून डिवचलं' असा रकाना त्यात नाही. म्हणीने तो रकाना घुसडला आहे.

दुसरी म्हण मळक्या कपड्यांची. घरातल्या भानगडी चारचौघांत काढणं याला इंग्रजीत 'डर्टी लिनन' लोकांत धुणं म्हणतात. मूळ म्हण फ्रेंच, 'मळके कपडे घरातल्या घरात धुवावेत' अशा अर्थाची. आपल्याकडे 'घराची लक्तरं वेशीवर टांगणं' आहे. दोन्हीकडे कपडेच यावेत याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. घराची अब्रू बाईच्या अंगावर असते आणि धुणंही तिच्याच वाट्याला. आमच्या भागात तर धुणं लोकांतच होतं, नदीवर, ओढ्यावर, विहिरीच्या काठावर. घरात नळ असता तर कोण गेली असती? आणि बाया एकमेकींना खरं काय ते सांगतात ते तिथेच. पाठीवरचा वळ पहिल्यांदा बघते ती शेजारच्या दगडावर धुणारी बाई. 'लक्तरं बाहेर काढू नकोस' याचा अर्थ मळ घालवू नकोस असा नसतो, साक्षीदार तयार करू नकोस असा असतो. ही म्हण कपडे मळवणाऱ्याला कोणी ऐकवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

'मौन तोडा' याचंही तसंच. घोषणा म्हणून ती वाईट नाही, जगभरच्या स्त्रियांनी ती दिली आहे. पण एका वाडीत मी ती समजावून सांगत असताना मागून आवाज आला, "आमी गप कधी होतो ताई? ऐकनारा कोन होता?" बाई आपल्या पद्धतीने बोलतच असते. ओव्यांत बोलते, शिव्यांत बोलते, अंगात आल्यावर बोलते, माहेरी आल्यावर परत जायचं टाळून बोलते. मौन तिचं आहे असं ठरवलं की बहिरेपण कोणाचं, हा प्रश्नच उरत नाही.

'बॉइज विल बी बॉइज' ही म्हण तर भाषांतराची वाटही बघत नाही. २०१४ च्या निवडणूक प्रचारात मुलायमसिंह यादव यांनी बलात्काराच्या शिक्षेबद्दल बोलताना मुलांकडून चुका होतात, अशा अर्थाचं विधान केलं होतं. त्यावर देशभर गदारोळ झाला. आपल्याकडे गावात रोज तेच चालतं, फक्त 'पोरगंच ते' एवढ्या दोन शब्दांत. पुरुषाकडून 'चूक होते', बाईचं मात्र 'पाऊल वाकडं पडतं'. चूक दुरुस्त होते. वाकडं पाऊल जन्मभर मोजलं जातं.

इथे एक गोष्ट आपल्यालाच विचारते. दारूच्या दुकानाविरुद्ध मोर्चा काढला आणि अधिकाऱ्याने निवेदन घ्यायला टाळाटाळ केली, की आपल्या बाया त्याच्यापुढे बांगड्या ठेवतात. 'बांगड्या भरा'. वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या बांगडीचा अर्थ काय? तर बाई म्हणजे भित्री. स्वतःच्या हातातली वस्तू आपण शिवी म्हणून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवतो. मोर्च्याच्या भरात हे सुचतं, कबूल आहे. पण ह्या मासिकाच्या वाचकांनी तरी ही प्रथा आता सोडावी.

आता त्या काचेच्या छताकडे येते. 'ग्लास सीलिंग' हा शब्द मॅरिलिन लोडन यांनी १९७८ साली न्यूयॉर्कच्या एका चर्चेत वापरला. नोकरीत बाई एका पायरीपर्यंत चढते, वरची पायरी तिला दिसते, पण मध्ये न दिसणारा अडसर असतो, हा त्याचा अर्थ. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेत ह्याच नावाचा सरकारी आयोगही नेमला गेला. म्हणजे शब्द नेमका आहे, आणि तो त्या बायकांनी आपल्या अनुभवातून काढलेला आहे. मंत्रालयात, बँकेत, विद्यापीठात काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना तो उपयोगी पडेल. पण कुडाच्या भिंती आणि दरवर्षी ताडपत्री बदलावी लागणारं छप्पर असलेल्या बाईला त्याचं काय करायचं? "काचेचं छत पावसात टिकतं का?" हा प्रश्न शिबिरात आला तेव्हा तो विनोद नव्हता. चार महिने धो धो कोसळणाऱ्या पावसाच्या मुलखातली ती सरळ शंका होती.

छपराची म्हण आपल्याकडे आहेच. नवरा गेला की 'डोक्यावरचं छप्पर गेलं' म्हणतात. इथून बोलायला सुरुवात केली तर बाया तासभर उठत नाहीत. छप्पर कोणाचं? घरकुल कोणाच्या नावावर मंजूर झालं? नवऱ्याने हाकललं तर त्या घरात राहण्याचा हक्क आहे का? आहे, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी आहे. खरं तर इंग्रजीतच १९९० च्या दशकात आणखी एक शब्दप्रयोग आला, 'स्टिकी फ्लोअर', चिकट जमीन. म्हणजे ज्या बायका सर्वांत खालच्या कामाला चिकटवून ठेवलेल्या आहेत, त्यांना छत दिसतच नाही. लावणीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. पण प्रशिक्षणात तो कधी येत नाही. छतच येतं.

तसंच 'ब्रेडविनर'चं. भाकरी मिळवणारा. नोंदणीच्या फॉर्मवर 'कर्ता पुरुष' असा त्याचा अनुवाद होतो आणि कर्त्याबरोबर पुरुष फुकट येतो. इथल्या ठाकर बाया पहाटे शेवळं, करटोली, कुरडूची भाजी डोक्यावर घेऊन नेरळ-कर्जतच्या बाजारात बसतात, त्यावर घर चालतं. तरी कर्ता कोण विचारलं की त्याच नवऱ्याचं नाव सांगतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली आहे. कायदा शब्दाच्या पुढे गेला, शब्द तिथेच राहिला.

इंग्रजी वाक्प्रचारांपैकी एकाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण त्याची एक कथा आपल्या प्रशिक्षणांतून अजून सांगितली जाते. 'रूल ऑफ थम्ब', अंगठ्याचा नियम. साधा अर्थ, ढोबळ अंदाजाने चालणारी पद्धत. कथा अशी की जुन्या इंग्रजी कायद्यात नवऱ्याला अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने बायकोला मारायची मुभा होती आणि त्यावरून हा शब्द आला. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ही व्युत्पत्ती टिकत नाही. अंगठ्याने मापायचा ढोबळ अंदाज ह्या अर्थाने तो शब्द १७ व्या शतकापासून सापडतो. फ्रान्सिस बुलर नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने १७८२ साली असं मत दिल्याची बोलवा झाली आणि जेम्स गिलरे ह्या व्यंगचित्रकाराने त्याच साली त्याला 'जज थम्ब' म्हणून रंगवला. पण तसा लेखी निवाडा मिळालेला नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात मारहाणीविरुद्धच्या चळवळीत दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या गेल्या आणि १९८२ साली तिथल्या नागरी हक्क आयोगाच्या अहवालाच्या नावातच हा शब्द आला. मग विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, की बघा, ह्या बायका खोट्या गोष्टी सांगतात.

काठीची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. १८६८ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या एका खटल्यात नवऱ्याने अंगठ्यापेक्षा बारीक छडी वापरली म्हणून खालच्या न्यायालयाने त्याला सोडल्याची नोंद आहे. वरच्या न्यायालयाने अंगठ्याचं माप मानलं नाही, पण नवऱ्याला सुटलेलाच ठेवला, घरातल्या गोष्टीत इतक्या क्षुल्लक कारणासाठी पडायचं नाही म्हणून. माझ्या मते आपण सांगायला हवा तो हा खटला. त्यात शब्दाची करामत नाही, पण तेव्हाचं न्यायालय घरातल्या मारहाणीकडे कसं बघत होतं ते स्वच्छ दिसतं.

आणि अंगठ्याबद्दलच बोलायचं तर इंग्लंडला जायची गरजच काय? कर्जत-खालापुरात अंगठ्याचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत, आणि एकेक वाक्प्रचार म्हणजे एकेक प्रकरण आहे. 'आजीचा अंगठा घेतला' असं इथे कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ जमीन गेली. गेल्या काही दशकांत या दोन तालुक्यांतल्या डोंगरउताराला आणि नदीकाठाला भाव आला, तेव्हापासून दलालांच्या जीपगाड्या वाड्यांवर येऊ लागल्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. म्हणून करार, कुलमुखत्यारपत्र, साठेखत, कसले कसले कागद पुढे केले जातात. वारसांत बाईचं नाव असलं की तिचा अंगठा लागतो, एरवी तिला कोणी विचारत नाही. वर्षभर जिला 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवलं, तिचा तोच अंगठा त्या दिवशी लाखमोलाचा असतो. संध्याकाळी पुन्हा अडाणी.

आता त्यात नवा वाक्प्रचार आला आहे, 'अंगठा येत नाही'. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवायचं, ते आधारशी जुळलं तर धान्य. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. सहा-सात महिने माती मळून आणि विटा थापून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्र लाल दिवा दाखवतं. मोबाइलवर येणारा आकडा, डोळ्यांची ओळख असे पर्याय कागदावर आहेत. पण मोबाइल नवऱ्याकडे, आणि दुकानदार म्हणतो उद्या या. उद्याची मजुरी बुडते. 'अंगठा दाखवणं' म्हणजे मराठीत फसवणं, नकार देणं. इथे यंत्र बाईला अंगठा दाखवतं, तिचाच. आपल्या पुढच्या शिबिरात अंगठा ह्या एका शब्दावर सकाळचं सत्र घेऊन बघा. जमीन, रेशन, वेठबिगारी, साक्षरता सगळं त्यात येईल.

मग इंग्रजी म्हणी शिकवायच्याच नाहीत का? मुलींना तर शिकवायलाच हव्यात. पण जशा शिकवतात तशा नाही. नेरळ-कर्जतच्या महाविद्यालयांतल्या मुली 'वन्स इन अ ब्लू मून' आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' परीक्षेसाठी घोकतात. मार्क मिळतात. मग रिसॉर्टमध्ये किंवा नवी मुंबईच्या ऑफिसात मुलाखतीला गेल्यावर त्यांना ऐकू येतं, 'वी आर लाइक अ फॅमिली हिअर'. सगळे शब्द ओळखीचे, म्हणून मुलगी खूश होते. वापर तिला कोणी सांगितलेला नसतो. कामाच्या जागेला कुटुंब म्हटलं जातं तेव्हा बहुधा नेमणूकपत्र नसतं, जादा वेळेचे पैसे नसतात आणि तक्रार केली की कृतघ्न ठरतो. 'फ्लेक्सिबल' हवी म्हणजे रात्री थांबणारी हवी. 'टीम प्लेअर' म्हणजे दुसऱ्याचं काम मुकाट्याने करणारी. अशी यादी मुलींनी स्वतः करावी. ती परीक्षेत येणार नाही, पण पहिल्या पगाराच्या वेळी उपयोगी पडेल.

इतकं झाल्यावर मला जे खरं म्हणायचं आहे ते आपल्या अहवालांबद्दल आहे. केंद्रावर बाई येते आणि सांगते, "मला नांदवत नाही." 'नांदवणं' ह्या क्रियापदात किती गोष्टी आहेत बघा. घरात घेणं, खाऊपिऊ घालणं, सन्मानाने ठेवणं, शरीरसंबंध, सासरच्यांनी सून म्हणून मानणं, आणि हे सगळं करण्याची जबाबदारी कोणाची, तेही. कर्ता नवरा आहे. निधी देणाऱ्या संस्थेला जाणाऱ्या इंग्रजी अहवालात ह्याचं होतं 'मॅरिटल डिस्कॉर्ड'. डिस्कॉर्ड म्हणजे सूर न जुळणं. परत टाळीच! "मला टाकली" याचं होतं 'सेपरेटेड'. कोणी कोणाला वेगळं केलं हे त्या शब्दात नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी संगमनेर भागात परित्यक्तांचं आंदोलन उभं राहिलं आणि राज्यभर गेलं, तेव्हा 'टाकलेली' हाच शब्द घेऊन बाया उभ्या राहिल्या. टाकलेली म्हटलं की टाकणारा विचारावा लागतो. त्या शब्दाने पोटगीचा, रेशनकार्डाचा, घराच्या हक्काचा प्रश्न सरकारपुढे मांडला. 'सेपरेटेड'च्या रकान्यातून असं आंदोलन निघालं नसतं.

अहवाल चुकला तर फार तर आकडा चुकेल. जबाब चुकला तर खटला जातो. 'विनयभंग' हा शब्द आमच्याकडची कुठलीच बाई वापरत नाही. १८६० च्या दंडसंहितेतल्या 'मॉडेस्टी'चा तो अनुवाद, आणि नव्या संहितेच्या कलम ७४ मध्येही ती 'मॉडेस्टी' तशीच ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली साचेबंद शब्दांबद्दल एक पुस्तिका काढली, तिच्यात 'इव्ह टीझिंग'ऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा असं सुचवलं. वरच्या पातळीवर शब्दांचा विचार सुरू झाला, चांगलं आहे. पण बाई काय म्हणते? "वाट अडवली." "पदर ओढला." "माझा हात धरला." आता 'हात धरणं' याचे आपल्याकडे किती अर्थ आहेत. 'त्याने हात धरला' म्हणजे जबरदस्ती. 'ती त्याचा हात धरून गेली' म्हणजे राजीखुशीने पळून जाणं. 'आम्ही एकमेकांचा हात धरला' म्हणजे लग्न. कोणी, कुठे, कोणत्या मनगटाला, ती सुटायला धडपडली का, काय ओरडली, हे लिहिलं नाही आणि नुसतं 'फिर्यादीचा हात धरून विनयभंग केला' एवढंच लिहिलं, तर बचावाच्या वकिलाला खेळायला मैदान मोकळं. उलट काही लेखनिक बाईचं बोलणं 'शुद्ध' करतात. "माझ्या अंगावर आला" याचं 'फिर्यादीशी असभ्य वर्तन केले' होतं. पहिल्या वाक्यात गुन्हा दिसतो. दुसऱ्यात नुसतं वर्तन उरतं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, आणि जुन्या १५४ प्रमाणेही, दखलपात्र गुन्ह्याची तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची असते, मग सही किंवा अंगठा, आणि प्रत विनामूल्य द्यायची असते. वाचून दाखवणं हे घाईघाईत उरकलं जातं. तिथे आपल्या कार्यकर्तीने थांबायला हवं. "हे तुझ्या तोंडचं वाक्य आहे का?" असं बाईला तिथेच विचारायचं आणि नसेल तर बदलून घ्यायचं. ठाकरी किंवा कातकरी बोलीतलं वाक्य असेल तर ते तसंच लिहायला सांगून पुढे त्याचा अर्थ लिहून घ्यायचा. लेखनिक कुरकुरतो. कुरकुरू द्यावा.

आमच्या केंद्रावर आता वहीच्या प्रत्येक पानावर मध्ये रेघ मारलेली असते. डावीकडे बाई बोलली ते वाक्य, तिच्या बोलीत, शिवीसकट. उजवीकडे आपण अर्जात किंवा अहवालात लिहिलेलं वाक्य. महिन्याच्या बैठकीत दोन्ही बाजू मोठ्याने वाचतो, आणि ज्या बाया आल्या असतील त्यांनाच विचारतो, की डावीकडचं उजवीकडे पोचलं का. बरेचदा त्या उजवी बाजू खोडायला लावतात. इतर तालुक्यांतल्या गटांनी अशी वही ठेवली असेल तर कळवावं. 'नांदवणं', 'टाकणं', 'हात धरणं', 'अंगावर येणं' ह्यांचे तुमच्याकडचे अर्थ वेगळे असतील तर तेही लिहून पाठवावेत. पनवेलला आमच्या वाड्यांवरच्या बाईचा जबाब समजला नाही असं होऊ शकतं, तर विदर्भातल्या गटाला तो कसा वाचता येईल हे आम्हाला जाणून घ्यायचं आहे.